अण्णांचा हंडा आणि ह्यूची भट्टी

मी मराठी वाचायला शिकले ती दारूबंदीच्या पत्रकांवर. कुवेतला मराठी पुस्तकं सहसा मिळत नसत, पण नाशिकहून कुणी आलं की त्याच्या बॅगेत अण्णांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, पाठवलेल्या लोणच्याच्या बरण्या असत आणि त्या गुंडाळलेल्या असत अण्णांनीच लिहून छापलेल्या पत्रकांत. आई बरण्या पुसून कपाटात लावायची. मी पत्रकं हातानं सपाट करून, फरशीवर पोटावर पडून वाचायची. तेलाचा डाग पडला की त्याखालची अक्षरं जास्तच ठळक दिसत. 'भगिनींनो, तुमच्या चुलीतला जाळ कोण पितो आहे?' हे वाक्य मला शाळेतल्या प्रार्थनेआधी पाठ झालं. अण्णा सायकलवरून गावोगाव हिंडून गुत्ते बंद पाडायचे, आणि त्यांना उद्गारचिन्हाशिवाय लिहिताच येत नसे. माझ्या लिहिण्यातला चढा सूर तिथून आला. पुष्कळ संपादकांनी तो खाली आणायचा प्रयत्न केला. आता पन्नाशीला टेकले तरी तो उतरत नाही.

आम्ही अहमदीत राहायचो. तेल कंपनीनं कधीकाळी आपल्या साहेबांसाठी वसवलेलं गाव ते. बैठे बंगले, समोर हिरवळीचा तुकडा, रस्त्याच्या कडेला निलगिरी. बाबा रिफायनरीत इंजिनिअर होते. घरात दिवसभर खिडकीतल्या एसीची घरघर आणि त्याच्या नळीतून बादलीत टपटपणारं पाणी. ते पाणी आई तुळशीला घालायची. इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा सुदैवानं आम्ही सुट्टीसाठी नाशिकला होतो. परतलो तेव्हा घर धुऊन नेलेलं होतं. फ्रिज नाही, गाद्या नाहीत, पडद्यांचे दांडेसुद्धा नाहीत. मागच्या अंगणात मात्र काजळी धरलेला, उपडा पडलेला एक तांब्याचा हंडा होता. लुटणाऱ्याला तो उचलण्याजोगा वाटला नसावा. आई त्याच्याजवळ खाली बसली आणि रडली. फ्रिजसाठी ती रडली नव्हती.

तो हंडा अण्णांनी तिला लग्नात दिला होता. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसं त्याच्या गळ्याखाली ठोक्यांनी कोरलेलं होतं: 'सौ. मालती मधुकर देवरे हिस अण्णांकडून. निर्व्यसनी संसार सुखाचा होवो!' उद्गारचिन्हही ठोकून घेतलेलं. लग्न ठरवताना अण्णांनी बाबांकडून हुंड्याऐवजी शब्द घेतला होता, दारूचा थेंब घेणार नाही असा. त्या हंड्यावर आमच्याकडे गौर बसायची. आमच्याकडे एकटीच गौर येते. हंड्यात चार ओंजळी गहू घालायचे, त्याला साडी नेसवायची आणि वर पितळी मुखवटा.

शेजारच्या बंगल्यात ह्यू राहायचा. निवृत्तीला आलेला, एकटा, लाल मानेचा स्कॉटिश माणूस. तो बाबांच्याच युनिटवर होता. तेव्हा शुक्रवारी सुट्टी आणि गुरुवारी अर्धा दिवस असे, आणि गुरुवारी संध्याकाळी बाबा त्याच्या हिरवळीवर जाऊन बसत. मीही पायरीवर बसून ऐकायची. ह्यूचे वडील आणि आजोबा दोघंही स्कॉटलंडमधल्या एका जुन्या व्हिस्कीच्या भट्टीत कामाला होते. भट्टीचं नाव गेलिक भाषेत होतं, आम्हाला कुणालाच ते धड म्हणता येत नसे, म्हणून बाबा तिला 'ह्यूची भट्टी' म्हणत. नदीच्या वळणावरची दगडी इमारत. तिथे बार्ली भिजवून दगडी जमिनीवर पसरायची आणि मोड येईपर्यंत लाकडी फावड्यांनी रात्रंदिवस उलटीपालटी करायची. त्या कामानं ह्यूच्या आजोबांचा एक खांदा कायमचा खाली आला होता. मग दलदलीतून कापून वाळवलेल्या, लाकडासारख्या जळणाऱ्या मातीचा धूर देऊन ती सुकवायची. फक्त बार्ली, यीस्ट आणि त्या नदीचं पाणी, आणि सगळं एकाच भट्टीतलं, दुसरीकडची भेसळ नाही. त्यालाच सिंगल मॉल्ट म्हणायचं. दारू गाळायचं तांब्याचं भांडं झिजून पातळ झालं की नवं करायला टाकत, आणि जुन्याला जिथे जिथे पोचे होते तिथे नव्यालाही तसेच पोचे पाडून घेत. चव बदलायला नको म्हणून.

"अडाणीपणा आहे हा," बाबा म्हणाले. "पोच्यानं चव कशी बदलेल?"

"मधुकर, तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशालाच नाही म्हणत नाहीस असं मला वाटलं होतं," ह्यू म्हणाला.

बाबांना सगळ्यात आवडायची ती काचेच्या पेटीची गोष्ट. गाळलेली दारू पिंपात जाण्याआधी पितळी चौकटीच्या एका काचेच्या पेटीतून वाहायची आणि त्या पेटीला सरकारी माणसाचं कुलूप असायचं, करचोरी होऊ नये म्हणून. ह्यूच्या आजोबांनी बाहेरून नुसतं बघायचं, दांडा फिरवून धार वळवायची. सुरुवातीची धार विषारी, ती बाजूला. शेवटची उग्र, तीही बाजूला. ठेवायचा तो मधला भाग. आयुष्यभर त्यांनी ही पारख डोळ्यांनी केली. ह्यू तरुण असताना मंदी आली, मालकानं भट्टीला टाळं लावलं आणि तांब्याची भांडी भंगारात विकली. ह्यू तेलात आला.

काही वर्षांपूर्वी मी ती जागा बघून आले. भट्टी नव्या मालकानं पुन्हा सुरू केली आहे. तांब्याची भांडी नवी आहेत. मी पोच्यांचं विचारलं तर दाखवणारा मुलगा हसला आणि त्यानं बोट ठेवून दाखवले. त्यानं पेला पुढे केला तो मी घेतला नाही. हे स्पष्ट लिहिते आहे, कारण या प्रकरणावरून कुणी माझं दारूबद्दलचं मत सैल झालं असा समज करून घेऊ नये.

मी अकरावीत होते त्या वर्षी बाबांनी आईला सांगितलं की हंड्याच्या बुडाला गळती लागली आहे, वर्कशॉपमधून डाग देऊन आणतो. आईनं विश्वास ठेवला. तिनं का ठेवू नये? उन्हाळा निम्मा सरला, हंडा आला नाही. मग एका गुरुवारी तिनं मला ह्यूसाठी गरम थालीपिठं देऊन पाठवलं. त्याला ती फार आवडत. दाराशी कुणी नव्हतं. मागच्या कोठीतून बुडबुड असा आवाज येत होता आणि एक वास, ओल्या धान्याचा, गोडसर, वर थोडा जळका. मी दार ढकललं.

आमचा हंडा गॅसच्या शेगडीवर होता. तोंडावर तांब्याची वाकडी नळी बसवलेली, फटी कणकेनं लिंपलेल्या, नळीचं दुसरं टोक वेटोळी घेत पाण्याच्या पिंपात शिरलेलं. बाबा आणि ह्यू पाठमोरे वाकून एका बाटलीकडे बघत होते, ऑपरेशन चाललंय अशा शांततेत. हंड्याची कोरलेली बाजू माझ्याकडे होती. निर्व्यसनी संसार सुखाचा होवो! थालीपिठांची ताटली मी तिथेच जमिनीवर ठेवली आणि परत फिरले.

बाबा घरी आले तेव्हा मी अंगणात उभी होते.

"हंडा वर्कशॉपमध्ये आहे ना, बाबा?"

"नंदू, हळू बोल."

"अण्णांचं नाव आहे त्याच्यावर! आणि त्यात तुम्ही दारू गाळताय!"

"मी थेंब घेतलेला नाही. अण्णांना शब्द दिलाय, तो आजही आहे."

"गुत्तेवालाही स्वतः पीत नाही, बाबा. अण्णांच्या पत्रकात आहे."

हे वाक्य लागलं त्यांना. ते पायरीवर बसले. म्हणाले, "इथे सगळे चोरून साखरेची गाळतात, स्टीलच्या कुकरमध्ये. ह्यू म्हणाला, तांब्याशिवाय ती व्हिस्की नव्हेच. मी म्हटलं, सिद्ध कर. एवढंच होतं ग ते. मेंढ्यांच्या चाऱ्याच्या दुकानातून बार्ली आणली, खजुराच्या झावळ्यांचा धूर दिला. त्याला एकदा, मरायच्या आधी, आजोबांसारखी धार काढायची होती. मी फक्त थर्मामीटर बघतो."

"आणि सापडलं तर?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. या देशात दारूला बंदी होती. नोकरी जाणार, अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द होणार, आधी तुरुंग आणि मग विमानात बसवून परत. नाशिकच्या घराचं बांधकाम अर्धवट होतं, माझी बारावी पुढच्या वर्षी होती. आणि विमानतळावर न्यायला कोण येणार, तर अण्णा.

"गौर बसायच्या आत हंडा घरात आला नाही, तर मी आईला सांगेन," मी म्हणाले. "मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. कुणीही विचारलं तरी."

"कुणीही?"

"कुणीही."

मी तशीच होते. ती धमकी नव्हती, आणि ते बाबांना कळत होतं, म्हणूनच त्यांचा चेहरा उतरला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला आवाजांत आठवतात. रस्त्यावर गाडीचं दार वाजलं की बाबांचा घास हातात थांबायचा. आई विचारायची, "बरं नाहीये का?" आणि ते म्हणायचे, "उकडतंय." कुवेतमध्ये उकडतंय हे कारण कधीही चालतं. गणपती बसले. मग एका सकाळी सुलभामावशीचा फोन आला. ती आईची मैत्रीण, जाब्रियाच्या एका इस्पितळात नर्स. आई तिचं बोलणं मोठ्यानं पुन्हा म्हणत ऐकायची, तिची ती सवयच.

"काय सांगतेस? महबूल्याची पोरं? गाळलेली प्यायले? अगं बाई... दिसत नाहीये? दोघांना?"

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आई स्वयंपाकघरात गेल्यावर ते माझ्याकडे न बघता पुटपुटले, "पहिली धार फेकली नसेल त्यांनी. ह्यू फेकतो."

"त्या पोरांना सांगा," मी म्हणाले.

फोननंतर तपासण्या सुरू झाल्या. आधी महबूल्यातल्या कामगारांच्या इमारती, मग कंपनीची घरंसुद्धा. गौरी आवाहनाच्या दिवशी दुपारी, बाहेर पांढरं ऊन पेटलेलं असताना, मागच्या भिंतीवर कुणीतरी ठोकलं. शेपूची भाजी करून मी आणि आई भाकरी थापत होतो. कुवेती लोक भातात शेपू घालतात, त्यामुळे गौरीच्या भाजीला तिथे कधी अडलं नाही. बाहेर जाऊन बघतो तर भिंतीवरून ह्यूचा लाल चेहरा आणि त्याच्या हातांत आमचा हंडा.

"पलीकडच्या गल्लीत आलेत ते," तो म्हणाला. "नळ्या मी ठोकून चपट्या केल्या. बाटल्या मोरीत ओतल्या. पण याच्यावर तुमचं नाव आहे, मालती. माझ्याकडे सापडला तर मधुकर जाईल. त्यांच्याबरोबर हिंदुस्तानी माणसं असतात, ती वाचतील. मला माफ कर."

आईनं हंडा घेतला. आत डोकावली, वास घेतला, गळ्याला चिकटलेली वाळकी कणीक नखानं खरवडली. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"आणि ह्यांना?"

"हो."

तिनं ह्यूला एवढंच विचारलं, "जेवलास का?" तो नाही म्हणाला. तिनं भिंतीवरून त्याला भाकरी आणि शेपूची भाजी दिली. मग आम्ही दोघी मोरीत बसलो. चिंच, मीठ, राख. ती घासत होती, मी पाणी ओतत होते. हंडा नव्यासारखा लाल निघाला, पण कुठूनतरी, सांध्यातून की काय, तो वास येतच होता. कचऱ्यात टाकावा तर नाव. जमिनीत पुरावा तर हिरवळीखाली सिमेंट. बाबा कामावरून धावत आले तेव्हा आई कोठीतलं बासमतीचं पोतं ओढत आणत होती.

"मालती, मी..."

"नंतर. आधी हे उचला."

तिनं हंडा तांदळानं काठोकाठ भरला, हिरवी पैठणी नेसवली, हळदीकुंकवाची पावलं काढली. मी थाळी वाजवत होते, आई मुखवटा घेऊन दारातून घरभर फिरली आणि मग तिनं तो तांदळात बसवला. नेहमीप्रमाणे आईनं विचारायचं, गौर कशाच्या पावलांनी आली, आणि मी सोन्यामोत्यांच्या म्हणायचं. त्या वर्षी तिनं विचारलं आणि मी नुसती थाळी वाजवत राहिले. देवाबिवावर माझा विश्वास नव्हताच, पण आईचा होता, आणि ज्यात दारू गाळली त्यातच ती देव बसवत होती. "हे ढोंग आहे, आई," मी म्हणाले. "उद्या ते आले आणि त्यांनी मला विचारलं, तर मी सांगेन."

"काय सांगशील?"

"जे खरं आहे ते."

"सांग," आई म्हणाली आणि निरांजनाची वात पुढे सारली.

ते दुसऱ्या दिवशी आले, पूजेच्या दिवशी. पुरण शिजलं होतं, आई ते वाटत होती. ह्यूच्या कोठीत बार्ली आणि यीस्ट सापडलं होतं. त्यानं सगळं माझं एकट्याचं असं लिहून दिलं होतं. पण दर गुरुवारी शेजारी कोण येऊन बसतो हे गल्लीला ठाऊक होतं. दोन पोलीस, आणि त्यांचा अधिकारी, मध्यमवयीन, पांढरा पायघोळ दिशदाशा घातलेला, थकलेला. सोबत हिंदी बोलणारा एक हैदराबादी. तो बाबांना म्हणाला, "साब, आप बैठिए, दो मिनट का काम है." त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, गच्ची, कोठी, बाथरूम. मग अधिकारी गौरीसमोर येऊन थांबला. हैदराबाद्यानं चपला काढल्या होत्या. अधिकाऱ्यानं ते पाहिलं आणि स्वतःच्याही काढल्या. पैठणीच्या काठाखालून तांब्याची लाल कड बोटभर दिसत होती.

त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबांचा चेहरा त्यांना झाकता येत नसे. मग तो माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "तू. शाळेत जातेस ना? याच्या आत काय आहे?"

एसीची घरघर मला अजून ऐकू येते. बाबांनी डोळे मिटले होते. मी आईकडे पाहिलं. पुरणानं माखलेले हात तिनं पदराला पुसले आणि ती माझ्याकडे बघत राहिली, शांत, परीक्षेच्या हॉलबाहेर सोडायला आल्यासारखी. आणि तेव्हा मला कळलं. दरवर्षी गौरीत गव्हाच्या चार ओंजळी पडत. त्यासाठी पोतंभर बासमती कुणी ओतत नाही. तिनं ते माझ्यासाठी ओतलं होतं. मुलगी खोटं बोलणार नाही हे धरूनच ती कामाला लागली होती.

"तांदूळ," मी म्हणाले.

"फक्त तांदूळ?"

"फक्त तांदूळ."

तो हात पुढे करणार तेवढ्यात आई मराठीतच म्हणाली, "नंदू, त्याला सांग, हात धुऊन घालायला."

मी सांगितलं. हैदराबादी दचकला. अधिकाऱ्यानं क्षणभर आईकडे पाहिलं आणि तो खरंच बेसिनकडे गेला, त्यानं साबण लावून हात धुतले. एकदा बसलेली गौर उत्तरपूजेशिवाय हलवत नाहीत. आईनं मुखवटा दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी धरून उभी राहिली. अधिकाऱ्यानं मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत हात आत घातला. ढवळला. मूठभर तांदूळ बाहेर काढले. तो ते नाकाशी नेईल असं मला वाटलं. कापूर, केवडा, पुरणातला वेलदोडा, एवढ्या गर्दीत काय कळणार होतं कोण जाणे. त्यानं ते नाकाशी नेले नाहीत. एक दाणा खाली पडला तो उचलून परत आत टाकला, मूठ हळूच सोडली, आणि आईचे अरबीत आभार मानले, "शुक्रन."

ते गेले. आईनं मुखवटा जागेवर ठेवला, पुरणपोळ्या लाटायला घेतल्या. ह्यूचं म्हणणं मान्य झालं होतं. वय बघून म्हणा, त्याला थेट विमानात बसवलं. आम्हाला निरोप देता आला नाही. बाबांना चौकशीला बोलावलं नाही. एका म्हाताऱ्यानं एकट्यानं सगळं अंगावर घेतलं, आणि मी, जिला त्याचा धंदा मनापासून घाण वाटत होता, त्याला आजही बरा माणूस मानते. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एका जागी बसत नाहीत. बसवायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

गौरीच्या विसर्जनानंतर तिच्या पोटातलं धान्य आपण घरात खातो. दुसऱ्या दिवशी आईनं त्या तांदळाचा भात लावला. कुकरची वाफ सुटली आणि तो वास आला, बारीक, झावळ्यांच्या धुराचा, मोडाच्या धान्याचा. पानं मांडली होती. आईनं पहिल्यांदा बाबांना वाढलं. ते भाताकडे बघत बसले. घास तोंडात घेतला, सावकाश चावला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसा झालाय?" आईनं विचारलं.

"चांगला," ते म्हणाले. "खरंच चांगला झालाय ग."

"अण्णांना दिलेला शब्द मोडला नाही तुम्ही. भात खाल्लाय."

मी पान पुढे सारलं नाही. म्हणाले, "मला नको. पोळी दे."

आईनं डाव भरला, माझ्या पानात भात वाढला, वर वरण, वर तूप.

"त्या माणसाला काय सांगितलंस, आत काय आहे म्हणून?"

"तांदूळ."

"मग खा," आई म्हणाली.